शोपँचा डावा हात

एकोणिसाव्या शतकातला पोलिश पियानो-संगीतकार शोपँ ऐकताना डोळे भरून आले, असं सांगणारी माणसं जगभर भेटतात. त्यांना विचारावं, नेमकं कुठे? बहुतेक जण उजव्या हाताची धून गुणगुणून दाखवतील. धून सुंदर असतेच, त्यात वाद नाही. पण आत जे तुटतं, ते बहुतेक वेळा धुनेमुळे नाही. ते काम डावा हात करत असतो, आणि इतक्या खालच्या आवाजात करतो की कौतुक सगळं उजव्याच्या पदरात पडतं.

याचा सगळ्यात सरळ पुरावा म्हणजे ऑपस २८ (ऑपस म्हणजे प्रसिद्ध रचनेचा क्रमांक) मधला चौथा प्रेल्यूड, म्हणजे पियानोचा छोटा तुकडा, ई मायनर या उदास छटेच्या स्वरमेळातला. शोपँने १८३९ साली २४ प्रेल्यूड प्रसिद्ध केले, त्यातला हा. एकूण २५ बार, म्हणजे तालाचे २५ छोटे खंड, वाजवायला दोन मिनिटांच्या आसपास. पियानो शिकणाऱ्याला दोन-तीन वर्षांत हातात घेता येतो आणि मोठ्या वादकालाही आयुष्यभर पुरतो.

उजव्या हाताला इथे काम किती? सुरुवातीला एक सप्तक उडी मारून तो पांढरी सातवर (पट्ट्यांची नावं हार्मोनियमच्या हिशेबाने, सी म्हणजे पांढरी एक) जातो आणि पहिले तीन बार दोनच स्वरांवर झुलत राहतो: पांढरी सात आणि तिच्या लगतची वरची पांढरी एक. ई हा षड्ज धरला तर हे झाले पंचम आणि कोमल धैवत. पंचम लांब, धैवत आखूड. पुन्हा पंचम, पुन्हा धैवत. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर कोणी रडणार नाही. आता उजवा हात मांडीवर ठेवून फक्त डावा वाजवून बघा. त्याच्याकडे तीन-तीन स्वरांचे कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वर आहेत, एका बारमध्ये आठ वेळा, एकसारखे. आणि ते खाली सरकताहेत. तिन्ही स्वर एकदम नाही. बहुतेक ठिकाणी एका वेळी एकच बोट अर्धा स्वर खाली जातं, बाकीची दोन जागेवर थांबतात. मग दुसरं सरकतं, मग तिसरं. सगळ्यात खालचा आवाज पहिल्या चार बारमध्ये पांढरी पाच, काळी तीन, पांढरी चार, पांढरी तीन असा एकेक पायरी उतरतो. वरचा पंचम आपल्या जागी आहे, पण त्याच्या पायाखालची जमीन दर काही क्षणांनी बदलते. तोच स्वर आधी शांत वाटतो, मग बोचतो, मग अनाथ वाटतो. स्वर बदललेला नसतो. त्याचा शेजार बदललेला असतो.

आणखी एक गोष्ट पानावर आहे, पण कानाला उशिरा कळते. पहिला कॉर्ड ई मायनरचाच आहे, पण त्याच्या तळाशी षड्ज नाही, कोमल गंधार आहे. म्हणजे घरी असूनही पाय टेकलेले नाहीत. षड्ज तळाशी ठेवलेला, पूर्ण विसाव्याचा ई मायनर कॉर्ड थेट शेवटच्या, २५व्या बारमध्ये येतो. तोपर्यंत ऐकणारा नकळत त्याची वाट बघत असतो. २१व्या बारला तो येणार असं वाटतं आणि तिथे शोपँ दुसऱ्याच कॉर्डवर उतरवतो. २३व्या बारमध्ये एक परका, अडकलेला कॉर्ड येतो आणि त्यानंतर निखळ शांतता, विरामाची खूण घातलेली. मग तीन कॉर्ड, आणि संपलं.

वाजवताना चुकतं ते साधारण असं. पहिली चूक उजव्या हाताची. प्रत्येक वेळी धैवतावर जोर देऊन सुस्कारा टाकला जातो. शोपँने सुरुवातीला हळू आवाजात असं लिहिलं आहे आणि जोराची खूण २५ बारमध्ये एकदाच, १७व्या बारच्या आसपास. आधीच्या सोळा बारमध्ये जोर खर्च केला तर तिथे द्यायला काही उरत नाही, आणि तो उद्रेक नुसता मोठा आवाज होऊन बसतो. दुसरी चूक २३व्या बारनंतरच्या शांततेची. स्वर लांबवणारं पायाखालचं पेडल वर घेतलेलं नसतं, त्यामुळे शांतता येतच नाही, मागचा कॉर्ड रेंगाळत राहतो. पाय पूर्ण उचलायचा, खोलीचा आवाज ऐकू यायला हवा. तिसरी आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे डावा हात हातोडीसारखा आपटणं, विशेषतः अंगठा. तीन आवाजांत अंगठ्याचा आवाज वरचा आणि अंगठा जात्याच जड, त्यामुळे तो सगळं झाकून टाकतो.

उपाय आहे, थोडा कंटाळवाणा पण खात्रीचा. आधी कॉर्ड आठ-आठ वेळा वाजवूच नयेत. प्रत्येक बदलाला एकदाच, लांब धरून. मग तिन्ही आवाज एकेकटे: फक्त तळाचा, फक्त मधला, फक्त वरचा. प्रत्येक ओळ गाऊन बघावी, कारण गाताना कुठे उतरतोय ते गळ्याला कळतं. मग तिन्ही एकत्र, आणि जे बोट सरकतंय त्यालाच किंचित वजन, बाकीच्यांना नाही. हे जमलं की आठ आघातांवर यायचं. तेव्हा बोटं पट्ट्यांवरून उचलायची नाहीत. पट्टी अर्धीच वर येऊ द्यायची आणि तिथूनच पुन्हा खाली न्यायची.

इथे वाद्याचाही हात असतो. ग्रँड पियानोत पट्टी पूर्ण वर न येताच हातोडी पुन्हा मारायला तयार होते. ही रचना सेबास्तियाँ एरार या पियानो बनवणाऱ्याने १८२१ साली पेटंट केली. उभ्या, म्हणजे अपराइट पियानोत ही सोय नसते, तिथे पट्टी जवळजवळ पूर्ण वर यावी लागते, नाहीतर स्वर गिळला जातो. शोपँचं लाडकं वाद्य मात्र एरारच्या कारखान्याचं नव्हतं, प्लेयेल या दुसऱ्या कारखान्याचं होतं, आणि त्या काळच्या प्लेयेल ग्रँडमध्येही ही रचना नव्हती. आजच्या ग्रँडची पट्टी साधारण १० मिलिमीटर खाली जाते. प्लेयेलच्या पट्ट्या त्याहून उथळ आणि हलक्या, आवाज रुपेरी, थोडा झाकलेला, आणि आजच्या पियानोपेक्षा लवकर विरणारा. तब्येत बरी नसली की एरार बरा, त्यात तयार आवाज मिळतो. आपला स्वतःचा आवाज शोधायची ताकद असेल तेव्हा प्लेयेल हवा, अशा अर्थाचं शोपँ म्हणत असे. तयार आवाज नको असलेल्या माणसाचं हे संगीत आहे, हे वाजवणाऱ्याने विसरू नये.

मुंबईत, कोकणपट्टीत आणि गोव्यात अपराइट पियानो असलेल्या घरांसाठी एक जोड. पावसाळ्यात दमटपणाने पट्ट्यांच्या आतले फेल्ट फुगतात आणि पट्ट्या सुस्त होतात. मोठ्या आवाजाच्या तुकड्यात हे जाणवत नाही. या प्रेल्यूडचे हलके, पुनःपुन्हा येणारे कॉर्ड मात्र लगेच चुगली करतात: आठातले दोन-तीन वाजतच नाहीत. बोटांना दोष देण्याआधी ट्यूनरला बोलवावं. खोलीतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या जवळ ठेवता आली तर निम्मा त्रास कमी होतो. डिजिटल पियानो घेणाऱ्याने दुकानातच दोन गोष्टी तपासाव्यात. पट्टी अर्धी वर घेऊन पुन्हा दाबली तर स्वर येतो का, आणि पेडल अर्धं दाबल्यावर आवाज अर्धा टिकतो की ते नुसतं चालू-बंदचं बटण आहे. नुसतं बटण असेल तर शोपँ त्यावर चिखल होतो.

आता ती जगप्रसिद्ध रचना, ऑपस ९ मधलं दुसरं नॉक्टर्न, ई-फ्लॅट मेजर. १८३२ साली प्रसिद्ध झालं तेव्हा शोपँ २२ वर्षांचा होता. नॉक्टर्न हा प्रकार त्याचा स्वतःचा नव्हे. जॉन फील्ड नावाच्या आयरिश पियानोवादकाने तो आधी रूढ केला: खाली झुलती साथ, वर गाणारी धून. शोपँने त्या साथीला मन दिलं.

हे नॉक्टर्न १२/८ मध्ये आहे. म्हणजे बारमध्ये तीन-तीन मात्रांचे चार गट. प्रत्येक गटात डावा हात पहिल्या मात्रेला खोल बासचा स्वर देतो आणि पुढच्या दोन मात्रांना वर उडी मारून दोन कॉर्ड. बास, कॉर्ड, कॉर्ड. शेवटचे काही बार सोडले तर जवळपास सगळा तुकडा असाच चालतो. करंगळी खाली, मग हात वर, पुन्हा खाली. तीन आघातांत वजनाची उतरंड हवी: बास भरीव, पहिला कॉर्ड हलका, दुसरा त्याहून हलका. दुसऱ्या कॉर्डला वजन पडलं की नॉक्टर्नचं वॉल्ट्झ, म्हणजे नाचाचं संगीत होतं आणि सगळी जादू जाते. उडी साधण्यासाठी बास वाजवून हात वरच्या कॉर्डवर नेऊन नुसता टेकवायचा, दाबायचा नाही. जागा पक्की झाली की मगच दाबायचं. पेडल प्रत्येक बासला बदलायचं, म्हणजे बारमध्ये चारदा, आणि बदल बास वाजल्या क्षणी, आधी नाही. आधी उचललं तर मागचा कॉर्ड तुटतो, उशिरा उचललं तर दोन बास एकमेकांत मिसळून गढूळ होतात. आजच्या मोठ्या पियानोचा बास प्लेयेलपेक्षा खूप जास्त टिकतो, म्हणून शोपँने छापलेली लांब पेडलची खूण काही ठिकाणी अर्ध्या पेडलने सांभाळावी लागते.

लय किती? शोपँने स्वतः मेट्रोनोमचा, म्हणजे लय मोजणाऱ्या यंत्राचा आकडा दिला आहे: अँडान्टे, म्हणजे चालती लय, मिनिटाला १३२ मात्रा. हिशेब करून बघा. तुकडा ३४ बारचा, प्रत्येकात १२ मात्रा, म्हणजे ४०८. मिनिटाला १३२ या गतीने ही तीन मिनिटांहून थोडी जास्त होतात. त्यात शेवटची मोकळी तान आणि थोडं रेंगाळणं धरलं तरी चारच्या आत किंवा आसपास. प्रसिद्ध ध्वनिमुद्रणं बहुतेक सव्वाचार मिनिटांच्या पुढची आहेत. दुःख म्हणजे संथपणा अशी एक समजूत गेल्या शंभर वर्षांत पक्की झाली आहे आणि शोपँला तिचा सगळ्यात जास्त फटका बसला आहे. संथ केलं की उजव्या हाताचा प्रत्येक स्वर सुटा पडतो, वाक्य राहत नाही. डावा हात चालत असला तर उजवा त्यावर रेंगाळू शकतो. डावाच रेंगाळला तर उजव्याने कशावर रेंगाळायचं?

रुबाटो, म्हणजे लयीत घेतलेली सूट, म्हणतात तो हाच. शोपँच्या शिष्यांनी सांगून ठेवलं आहे की तो डाव्या हाताला वाद्यवृंदाचा संचालक मानायचा: डाव्याने लय धरायची, उजव्याने हवं तसं वावरायचं. कारोल मिकुली हा त्याचा शिष्य सांगतो की त्याच्या पियानोवर मेट्रोनोम कायम असायचा. भावनांचा बादशाह म्हणून ज्याला जग ओळखतं, त्याच्या शिकवणीच्या खोलीत मेट्रोनोम. ख्याल ऐकणाऱ्या माणसाला यात नवल वाटू नये. ठेका सरळ चालत असतो म्हणूनच गाणारा मात्रा सोडून, मागे राहून, पुढे जाऊन, नेमका समेवर येऊ शकतो. ठेका ढिला पडला तर समेला अर्थच उरत नाही.

सराव कसा करावा? डावा हात एकटा, मेट्रोनोमसह, इतका की बोलता बोलता वाजवता यावा. मग मेट्रोनोम बंद करून डावा वाजवत उजव्याची धून तोंडाने गायची. तोंडाने गाताना आपोआप एखादा स्वर लांबतो, एखादा लवकर येतो, आणि डावा हात त्याच्यासाठी थांबायला बघतो. तिथे त्याला थांबू द्यायचं नाही. हा एवढाच व्यायाम. धून परत येते तेव्हा दर वेळी तिच्यावर जास्त नक्षी असते, इटालियन ऑपेराच्या गायकांसारखी. छोटे, बारीक छापलेले स्वर कधी वाजवायचे यावर गोंधळ होतो. शोपँच्या शिष्यांच्या वह्यांमध्ये अशा बारीक स्वरापासून खालच्या बासपर्यंत पेन्सिलची रेघ ओढलेली आढळते: नक्षीचा पहिला स्वर बाससोबतच पडायला हवा, त्याच्या आधी नाही. एवढ्या एका रेघेने सगळा बाज बदलतो. आधी वाजवलेली नक्षी वेल्हाळ वाटते, बासवर पडलेली नक्षी दुखते.

आणि मग शेवटाजवळची ती तान. जोराने, घाईने, उद्रेकाकडे जाणारे बार, आणि त्यानंतर ताल सोडून द्या अशी सूचना. उजवा हात उंच जागी चार स्वरांचा एक लहानसा फेरा पुन्हा पुन्हा घेत राहतो, हळू, मग भरभर, मग पुन्हा मंद होत. इतका वेळ चाललेला डावा हात इथे थांबलेला असतो. म्हणूनच ती तान एवढी एकाकी वाटते. तिच्यात विशेष स्वर नाहीत. खालचा आधार काढून घेतलेला आहे, एवढंच.

एका गोष्टीने हे सगळं थोडं गुंतागुंतीचं होतं, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. माझुर्का हा पोलंडचा तीन मात्रांचा नाच. शोपँने ५० हून अधिक माझुर्का लिहिल्या. त्यात जोर दुसऱ्या किंवा तिसऱ्या मात्रेवर पडतो. चार्ल्स हॅले या पियानोवादकाने शोपँला वाजवताना मोजलं आणि सांगितलं, तुम्ही तीन नाही, चार मात्रा वाजवता आहात. शोपँने आधी मानलं नाही. हॅलेने मोठ्याने मोजून दाखवल्यावर तो हसला आणि म्हणाला की हा आमच्या देशाचाच स्वभाव आहे. मायरबेअर या ऑपेराकाराने दोन मात्रा मोजल्या तेव्हा मात्र तो चिडला होता. म्हणजे डाव्या हाताची शिस्त ही घड्याळाची शिस्त नव्हे. माझुर्कात डावा हातच एक मात्रा ओढतो, पण दर बारला त्याच रीतीने, पाय जमिनीवर पडतो त्या रीतीने. नोव्हेंबर १८३० मध्ये शोपँ वॉर्सॉ सोडून निघाला, त्याच महिन्याच्या शेवटी रशियन सत्तेविरुद्ध उठाव झाला, आणि तो पुन्हा कधीच मायदेशी गेला नाही. जर्मन संगीतकार शूमानने १८३६ मध्ये लिहिलं की त्याच्या रचना म्हणजे फुलांखाली लपवलेल्या तोफा आहेत. माझुर्का ऐकताना ते पटतं, आणि तोफ बहुतेक वेळा खालच्या पट्टीतच सापडते.

त्याची शिकवणही डोळ्यांपुढे आणण्यासारखी आहे. तो बोटं सारखी करायला शिकवत नसे. प्रत्येक बोटाची घडण वेगळी, म्हणून आवाजही वेगळा, आणि तो वेगळेपणा जपायचा, असं त्याने आपल्या अपुऱ्या राहिलेल्या पद्धतीच्या टिपणांत लिहिलं आहे. हात पहिल्यांदा ठेवायचा तो पांढऱ्या पाच पट्ट्यांवर नाही. अंगठा पांढरी तीनवर, मधली तीन बोटं काळी तीन, काळी चार, काळी पाचवर, करंगळी पांढरी सातवर. हार्मोनियम समोर असेल तर आत्ता ठेवून बघा. लांब बोटं उंच काळ्या पट्ट्यांवर आणि आखूड बोटं खालच्या पांढऱ्यांवर अशी पडतात की हात काही न करता कमानदार होतो. म्हणून तो पहिलं सप्तक बी मेजरचं शिकवायचा, आणि सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांचं सी मेजर, जे सगळीकडे पहिलं शिकवतात, ते सगळ्यात कठीण म्हणून शेवटी. दिवसाला तीन तासांहून जास्त सराव नको, हेही त्याचंच. आणि वाजवायचं असेल तर गायला शिका.

चाहत्यांनी त्याच्या रचनांना दिलेल्या नावांबद्दल थोडं. शोपँला अशी नावं आवडत नसत. लंडनच्या वेसेल या प्रकाशकाने ऑपस ९ च्या नॉक्टर्नांना सीन नदीची कुजबुज अशा अर्थाचं नाव दिलं, तेव्हा तो वैतागला होता. ऑपस १० मधला तिसरा एत्यूद, म्हणजे सरावासाठीचा तुकडा, दुःखाच्या नावाने ओळखला जातो; नाव त्याचं नाही, आणि हस्तलिखितात आधी लयीची सूचना चक्क विवाचे, म्हणजे चपळ होती. छापताना ती संथ झाली. पावसाच्या थेंबांचा प्रेल्यूड म्हणून १५वा ओळखला जातो. मायोर्काच्या वालदेमोसा मठातला १८३८-३९ चा हिवाळा, गळतं छप्पर, खोकणारा शोपँ, अशी कथा त्याला चिकटलेली आहे. प्रेल्यूडांपैकी बरेचसे बेटावर जाण्याआधीच लिहून झाले होते.

पण थेंबाची कथा बाजूला ठेवली तरी त्या १५व्यात एक विलक्षण गोष्ट आहे. सगळा तुकडाभर एकच स्वर टिपटिपत राहतो: काळी चार. सुरुवातीला डी-फ्लॅट मेजरमध्ये, म्हणजे काळी एक हा षड्ज, आणि काळी चार त्याचा पंचम. मधला भाग येतो तेव्हा षड्ज तोच, फक्त कागदावर नाव बदलून सी-शार्प, आणि मेजरचं मायनर झालेलं. काळी चार अजूनही पंचमच. पण आता टिपटिप वर सरकते आणि गाणं खाली, डाव्या हाताच्या खोल पट्टीत जातं, मठाच्या घंटेसारखं घुमत. सुरुवातीला जो स्वर दिलासा देत होता तोच आता भीती घालतो. स्वर तोच, फक्त वाजवणारा हात बदललेला.

आपल्याकडच्या कानांना सगळ्यात लवकर आपली वाटेल अशी शोपँची रचना माझ्या मते बर्सोझ, म्हणजे अंगाई, ऑपस ५७. १८४४ च्या सुमाराची. पुन्हा डी-फ्लॅट मेजर, पुन्हा काळी एक. एकूण ७० बार, आणि प्रत्येक बारच्या पहिल्या मात्रेला डावा हात तळाशी षड्ज देतो. सत्तरच्या सत्तर बार. पहिले दोन बार नुसता डावा हात झुलतो, तिसऱ्या बारला चार बारची साधी धून येते, आणि पुढे ती चार-चार बारने विणली जाते: आधी दुसरा आवाज जोडून, मग बारीक स्वरांनी, मग वरून खाली ओघळणाऱ्या ताना. शोपँने सुरुवातीला हिचं नाव नुसतं व्हॅरिएशन या अर्थाचं ठेवलं होतं, आणि ते पहिले दोन मोकळे बार नंतर जोडले. किती योग्य केलं. आधी षड्ज कानात बसवायचा आणि मग गायला सुरुवात करायची.

५४ बार डावा हात जवळजवळ बदलत नाही. मग ५५व्या बारला एक परका स्वर येतो: पांढरी सात, म्हणजे या षड्जाचा कोमल निषाद. एक स्वर, तोही हळू. इतका वेळ शुद्ध निषादाची सवय झालेल्या कानाला तिथे काहीतरी सरकल्यासारखं वाटतं, जणू दिवा थोडा खाली केला. थोड्या बारनंतर सगळं पूर्ववत होतं. वादकाने तिथे काही करू नये, थांबू नये, अधोरेखित करू नये. डावा हात ५४ बार खरोखर एकसारखा राहिला असेल तर त्या स्वराला मदतीची गरज नाही. आधीच डावा डोलत राहिला असेल, तर तो स्वर ऐकूच येत नाही.

आणि ऐकू येण्याचीच गोष्ट आहे तर हेही. ऑपस ९ च्या नॉक्टर्नमधला पहिला बास, खालचा ई-फ्लॅट, सुमारे ७८ हर्ट्झचा आहे. फोनच्या छोट्या स्पीकरमधून काही शे हर्ट्झच्या खालचा आवाज फारच क्षीण येतो. म्हणजे शोपँवर जीव टाकणारे कित्येक जण डावा हात अर्धाच ऐकत आहेत. साधे वायरवाले इअरफोनही पुरतात, महाग काही नको. आवाज ठरवताना सगळ्यात हळू जागा लावावी, ती नीट ऐकू येईल इतका ठेवावा, आणि मग हात लावू नये. मोठ्या जागा मोठ्या व्हायला हव्यात. एकच तुकडा तीनदा ऐकावा. पहिल्यांदा मनाला येईल तसा. दुसऱ्यांदा फक्त तळाचा स्वर धरून, गुणगुणत. तिसऱ्यांदा मधले आवाज शोधत, जे ना धून आहेत ना बास. मधल्या आवाजांत शोपँ सगळ्यात जास्त लपवतो.

दोन वादकही शेजारी ठेवून ऐकण्यासारखे आहेत. राउल कोचाल्स्की हा मिकुलीचा शिष्य, म्हणजे शोपँचा नातशिष्य. त्याने १९३८ मध्ये ऑपस ९ चं हे नॉक्टर्न ध्वनिमुद्रित केलं, शिष्यांच्या वह्यांतून उतरलेल्या वेगळ्या नक्षीसह. आवाज जुना, खरखरीत, पण डावा हात चालतो आणि उजवा त्याच्यापासून सुटून बोलतो. त्यानंतर आर्थर रुबिनस्टाइनचं साठच्या दशकातलं मुद्रण लावावं. दोघांत भावना कोणाकडे जास्त, हा प्रश्नच चुकीचा वाटू लागतो. कोचाल्स्कीकडे दोन हात दोन माणसांसारखे वागतात, रुबिनस्टाइनकडे एकाच श्वासात. मला पहिलं जास्त भिडतं. दुसरं जास्त वेळा ऐकलं जातं, हेही खरं.

शोपँ १७ ऑक्टोबर १८४९ ला पॅरिसमध्ये वारला, वयाच्या ३९व्या वर्षी. ३० ऑक्टोबरला मादलेन चर्चमध्ये अंत्यविधी झाला. मोझार्टचं रेक्विएम, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, गायलं गेलं, आणि लफेब्यूर-वेली याने ऑर्गनवर शोपँचे दोन प्रेल्यूड वाजवले: चौथा आणि सहावा. सहावा बी मायनरमधला, २६ बारचा, आणि त्यात हातांची अदलाबदल आहे. धून डाव्या हाताला, चेलोसारखी तळातून वर चढणारी आणि वर पोचून थकून उतरणारी. उजव्याकडे नुसते कॉर्ड, दोन-दोनच्या जोड्यांत, पहिला किंचित जड, दुसरा हलका.

चौथा ज्याने शिकला त्याने लगेच सहावा घ्यावा. चौथ्यात अंगठ्याला दाबून ठेवावं लागतं. सहाव्यात डाव्या अंगठ्याकडेच धुनेचा कळस येतो, आणि तिथे तो आपटला तर ओळ मोडते. म्हणून चढताना वजन करंगळीपासून अंगठ्याकडे बोटाबोटाने न्यावं, मनगट डावीकडून उजवीकडे वाहू द्यावं, आणि सगळ्यात वरचा स्वर त्याच्या आधीच्यापेक्षा मोठा नाही, लांब वाटेल असा द्यावा. उजव्याच्या जोड्या मेट्रोनोमवर बसवून घ्याव्यात, कारण या वेळी लय धरायचं काम त्याचं आहे. पेडल धुनेच्या स्वराप्रमाणे नाही, कॉर्डप्रमाणे बदलावं. आणि शेवटच्या काही बारमध्ये सुरुवातीचीच चढण एकदा अर्धवट परत येते, तिला नवीन काही करू नये. ती पहिल्यासारखीच, फक्त अधिक हळू आवाजात वाजवावी.